किनाऱ्याची सरकारी जमीन बदलून देतात तेव्हा: कॅलिफोर्नियातली फाईल कशी तपासायची

वस्तीच्या पाठीमागे जुना भराव असतो. कुंपण घातलेला, गवत माजलेला, कुणी न वापरणारा. एक दिवस नोटीस येते की ही जागा राज्य एका विकासकाला देणार आहे आणि तिच्या बदल्यात काही मैलांवरची खाजणजमीन ताब्यात घेणार आहे. कागदावर येणारी जमीन जाणाऱ्या जमिनीच्या दुप्पट-तिप्पट दिसते आणि बहुतेकांची चौकशी तिथेच थांबते. पण अदलाबदलीचा सौदा लोकांच्या हिताचा आहे का, हे एकरांवरून ठरत नाही. पाण्याशी नाते असलेली कोणती जागा लोकांच्या हातून जाते आणि कोणती येते, यावर ते ठरते. फाईल कशी वाचायची, ते खाली क्रमाने दिले आहे. उदाहरणे कॅलिफोर्नियाची आहेत, कारण तिथे या व्यवहाराचे नियम नीट लिहिलेले आहेत आणि कागद कुणालाही मागता येतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठी फॉस्टर सिटी, अलामिडा अशा भरावाच्या गावांत मराठी कुटुंबेही राहतात.

आधी मालकी समजून घ्या

कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० रोजी राज्य झाले. त्या दिवशी सरासरी भरतीरेषेखालची सगळी जमीन राज्याकडे आली. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आला आणि कायम पाण्याखाली राहणारी बुडीत जमीनही आली. मात्र ही मालकी सरकारी कचेरीच्या इमारतीसारखी नाही. राज्य इथे विश्वस्त आहे आणि जमिनीवरच्या या बंधनाला सार्वजनिक न्यास म्हणतात. नौकानयन, व्यापार, मासेमारी, पुढे कोर्टांनी त्यात घातलेले जलविहार आणि निसर्गरक्षण, एवढ्यासाठीच जमीन वापरायची. बंदर, धक्का, मासळीबाजार, किनाऱ्यावरचे हॉटेल, चालण्याचा रस्ता, पाणथळ हे सगळे चालते. राहती घरे, सर्वसाधारण कार्यालये, शाळा, गावाचे दवाखाने चालत नाहीत, कारण त्यांना पाण्याची गरज नसते.

अदलाबदलीची गरज यातूनच निर्माण होते. शंभर वर्षांपूर्वी भराव टाकलेली जमीन आज पाण्यापासून अर्धा मैल आत असली, तरी तिच्यावरचा न्यास आपोआप उठत नाही. तिथे घरे बांधायची तर न्यास उठवावा लागतो आणि तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन न्यासात आणावी लागते.

भारतीय वाचकाला हे तत्त्व परके नाही. १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या हॉटेलाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सार्वजनिक न्यासाचे तत्त्व भारतात लागू केले आणि निकालात कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या १९८३ च्या खटल्याचा आधार घेतला. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेचा २००९ चा निकालही त्याच तत्त्वावर उभा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० भरतीरेषेखालचा समुद्रतळ आणि खाड्यांचा तळ राज्याचा मानते.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचा माणूस नेमका इथे चुकतो. भारतातल्या सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) भरतीरेषा म्हणजे उधाणाचे पाणी सर्वांत वर जिथे पोचते ती रेषा. कॅलिफोर्नियातली हद्द ही सगळ्या भरत्यांच्या सरासरीची रेषा आहे, उधाणाच्याही आणि भांगाच्या (कमी चढणाऱ्या) भरत्यांच्याही. साहजिकच ती खाली येते. पौर्णिमेला भिजणारी प्रत्येक जागा तिथे राज्याची नसते.

व्यवहार कोणत्या वाटेने आला आहे

पहिला प्रश्न हाच विचारा, कारण अटी त्यावरून ठरतात. वाटा दोन आहेत.

पहिली वाट पब्लिक रिसोर्सेस कोडच्या कलम ६३०७ ची. इथे निर्णय स्टेट लँड्स कमिशनचा. १९३८ साली स्थापन झालेल्या या कमिशनवर तीन सदस्य असतात: राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर, स्टेट कंट्रोलर आणि वित्त विभागाचे संचालक. दुसरी वाट खास कायद्याची. मोठ्या प्रकल्पांत विधिमंडळ त्या जागेपुरता वेगळा कायदा करते. ट्रेझर आयलंडसाठी तो २००४ मध्ये झाला, हंटर्स पॉइंट आणि कँडलस्टिक पॉइंटसाठी २००९ मध्ये. अशा वेळी कलम ६३०७ ऐवजी त्या कायद्यातल्या अटी शब्दशः वाचाव्या लागतात. कमिशनला त्या पूर्ण झाल्याचे निष्कर्ष तरीही नोंदवावेच लागतात.

जमीन थेट राज्याकडे आहे की एखाद्या शहराला किंवा बंदर संस्थेला विश्वस्त म्हणून दिलेली आहे, हेही बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा बंदरकिनारा १९६८ च्या बर्टन कायद्याने शहराकडे गेला. सॅन डिएगोत १९६२ पासून बंदर संस्था आहे. अशा ठिकाणी स्थानिक संस्थेचाही ठराव लागतो, म्हणजे तुम्हाला बोलायला एक बैठक जास्त मिळते. शिवाय ती घराजवळ असते.

सहा निष्कर्ष

कलम ६३०७ खाली कमिशनला सहा गोष्टी सिद्ध झाल्याचे लिहावे लागते. अदलाबदल कायद्यात दिलेल्या हेतूंपैकी एखाद्यासाठी आहे. येणाऱ्या जमिनीने न्यासाचा भरीव फायदा होतो. नौकानयन आणि मासेमारीच्या सार्वजनिक हक्कांना मोठी बाधा येत नाही. येणाऱ्या जमिनीची किंमत जाणारीइतकी किंवा जास्त आहे. जाणारी जमीन भरावामुळे किंवा बांध घालून कोरडी केल्यामुळे पाण्यापासून तुटली आहे, ती प्रत्यक्षात भरतीची जमीन उरलेली नाही आणि न्यासाच्या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि सगळा व्यवहार राज्याच्या हिताचा आहे.

हेतूंची यादी लांब आहे: जलमार्ग सुधारणे, पूरनियंत्रण, किनाऱ्याची किंवा मालकीची वेडीवाकडी रेषा सरळ करणे, लोकांना पाण्यापर्यंत वाट देणे, न्यासाला साजेसा किनाराविकास, पाणथळ आणि मोकळी जागा राखणे, हद्दीचे वा मालकीचे वाद मिटवणे. यातला एखादा हेतू जवळपास प्रत्येक प्रकल्पाला चिकटवता येतो. म्हणून हेतूवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. पाचव्या निष्कर्षावर, म्हणजे जमीन पाण्यापासून तुटल्याच्या मुद्द्यावर, सर्वांत जास्त वेळ द्या. किंमत कमी पडली तर विकासक पैसे वाढवतो, वाट नसेल तर वाट देतो. पण जाणारी जमीन अजून पाण्याला लागून असेल, तर कितीही पैसे ओतून ही अट पूर्ण होत नाही.

या अटीमागे १९७० चा लाँग बीचचा निकाल आहे. अलामिटोस बे इथल्या भरावाच्या जमिनींवरचा न्यास उठवायला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. पण का, हे महत्त्वाचे. तुकडे तुलनेने छोटे होते, बंदरसुधारणेच्या मोठ्या योजनेत त्यांवर भराव पडला होता आणि न्यासासाठी त्यांचा उपयोग उरला नव्हता. 'निरुपयोगी' या शब्दाचा अर्थ त्या चौकटीतच लावायचा. आज तिथे कुणी जात नाही, एवढ्याने जमीन निरुपयोगी ठरत नाही. कुंपण घालून लोकांना बाहेर ठेवले, म्हणून तर मुळीच नाही.

जाणारी जमीन: नकाशावर तपासा, मग पायाने

कमिशनच्या कर्मचारी अहवालासोबत दोन्ही जमिनींचे नकाशे आणि हद्दीचे वर्णन जोडलेले असते. तो अहवाल मिळाला की तीन थर एकमेकांवर ठेवा.

पहिला थर जुन्या किनाऱ्याचा. यू. एस. कोस्ट सर्व्हेने १८५० च्या दशकापासून सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे तपशीलवार नकाशे केले. त्यांना टी-शीट म्हणतात. बहुतेकांचे प्रमाण १:१०,००० आहे, म्हणजे कागदावरची एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर १० मीटर. वादाचा पट्टा २० फुटांचा असेल, तर टी-शीट एकटी तो सोडवू शकत नाही. अहवालात तसा दावा असेल तर प्रश्न विचारा.

टी-शीटवर दिसणारी खाजणाची बाहेरची कड ही झाडोऱ्याची कड आहे. तिला सरासरी भरतीरेषा समजण्याची चूक सर्रास होते. उंच खाजण सरासरी भरतीच्या वर होते. ते 'दलदल आणि पूरजमीन' म्हणून वेगळ्या कायद्याखाली राज्याला मिळाले आणि खाजगी लोकांना कायदेशीररीत्या विकले गेले. त्यातून वळणे घेत गेलेल्या खाड्यांचे तळ मात्र न्यासाचे राहिले. त्यामुळे आज सपाट दिसणाऱ्या एकाच प्लॉटमध्ये शिरांसारखे सरकारी पट्टे असू शकतात. जुनी खाडी भरून टाकली म्हणून तिच्या तळाची मालकी बदलत नाही. हे पट्टे हिशेबात धरले आहेत का, ते पहिल्यांदा शोधा.

दुसरा थर विक्रीपत्रांचा. एकोणिसाव्या शतकात राज्याने भरतीपट्ट्याचे तुकडे विकलेसुद्धा. १९१३ च्या कॅलिफोर्निया फिश कंपनी खटल्यात ठरले की अशा तुकड्यांची मालकी खरेदीदाराकडे गेली तरी न्यासाचा हक्क त्यावर बोजा म्हणून राहिला. १९८० च्या बर्कली निकालाने १८७० च्या कायद्याखाली विकलेल्या उपसागरातल्या तुकड्यांची विभागणी केली. भराव पडून न्यासासाठी उपयोग संपलेले तुकडे मोकळे झाले, ज्यांच्यावर अजून भरतीचे पाणी येत होते त्यांवर न्यास राहिला. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी विचारा: मूळ विक्री कोणत्या कायद्याखाली, आणि भराव कोणत्या वर्षी? भरावाचे वर्ष जुन्या हवाई छायाचित्रांवरून बरेचसे पक्के करता येते.

तिसरा थर आजच्या मोजणीचा, आणि इथे आकड्यांचे सापळे आहेत. सरासरी भरती साधारण १९ वर्षांच्या नोंदींवरून काढतात, कारण चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे आहे. १९३५ पासून अमेरिकेत हद्दीसाठी हीच पद्धत मान्य आहे. गोल्डन गेटजवळचे मापकेंद्र १८५४ पासून चालू आहे. १९८३ ते २००१ च्या नोंदींनुसार तिथे सरासरी भरती ओहोटीच्या शून्यापेक्षा सुमारे ५.२ फूट वर येते. पण हा आकडा दक्षिण उपसागरात वापरता येत नाही. आतल्या निमुळत्या भागात पाणी जास्त चढते आणि भरती-ओहोटीतला फरक काही फुटांनी वाढतो. अहवालात कोणत्या मापकेंद्राचा आकडा घेतला आहे ते बघा. उंची कोणत्या शून्यापासून मोजली, तेही बघा. भरतीच्या तक्त्यांचे शून्य वेगळे आणि जमीनमोजणीचे शून्य वेगळे. गोल्डन गेटला ती जवळजवळ एका पातळीवर आहेत, दक्षिणेकडे त्यांच्यात अंतर पडत जाते.

नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवताना अजून दोन चुका होतात. १९२७ च्या आणि १९८३ च्या भूमापन आधारांत कॅलिफोर्नियात सुमारे ९० ते १०० मीटरचा फरक पडतो. थर सगळीकडे सारखाच सरकलेला दिसला तर आधी हेच तपासा. दुसरी चूक फुटाची. मोजणीचा फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन एवढाच फरक आहे. पण राज्याच्या निर्देशांक पद्धतीत पूर्वेकडचा आकडा ६० लाख फुटांच्या घरात असतो, तेव्हा तेवढ्यानेच रेषा १२-१३ फूट सरकते. किनाऱ्यावर १२ फुटांत अख्खी पायवाट मावते.

एवढे झाले की जागेवर जा. भरतीच्या तक्त्यातून मोठ्या भरतीचा दिवस निवडा आणि पाणी चढण्याच्या अर्धा तास आधी पोचा. बांधाखालून पाईप आहे का? झडप गळते का? आतल्या चरात पाणी भरतीबरोबर वरखाली होते का? एखादी काठी रोवून दर १५ मिनिटांनी पातळी लिहून ठेवा आणि वेळेसकट फोटो घ्या. पाणी लयीत हलत असेल तर 'पूर्णपणे तुटलेली' हा शब्द तपासायलाच हवा. खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे दिसली तर त्यांची जागा नकाशावर टिपा. एका दिवसाच्या पाण्यावरून हद्द ठरत नाही हे खरे, पण अशी टिपणे समोर ठेवल्यावर कमिशनच्या मोजणीदारांना लेखी उत्तर द्यावे लागते.

येणारी जमीन

इथे पहिला प्रश्न थोडा विचित्र वाटेल: ही जमीन आधीच लोकांची नाही ना? सौद्यात देऊ केलेली पाणथळ जागा बऱ्याचदा सरासरी भरतीरेषेखाली असते. मग ती राज्याची असू शकते, किंवा खाजगी असली तरी तिच्यावर १९१३ च्या निकालाप्रमाणे न्यासाचा बोजा असू शकतो. अशा जमिनीची पूर्ण किंमत धरून बदल्यात कोरडी, बांधकामयोग्य जमीन देणे म्हणजे आपलीच वस्तू आपल्याला विकणे. मालकीचा वाद मिटवणे हा कायदेशीर हेतू आहे आणि त्यासाठी काही मोल देणे योग्यही असते. पण ते मोल वादापुरते हवे, अख्ख्या जमिनीचे नको.

मग तिथे पोचायची वाट बघा. सार्वजनिक रस्त्यापासून प्लॉटपर्यंत नोंदलेला वहिवाटीचा हक्क आहे का? रेल्वेमार्ग मध्ये येतो का? चारी बाजूंनी खाजगी जमिनीने वेढलेला पाणथळ तुकडा पक्ष्यांना उपयोगाचा असेल, पण 'लोकांना पाण्याजवळ नेतो' असे अहवालात लिहिलेले असेल तर ते चूक आहे.

टायटल कंपनीचा (जमिनीची मालकी तपासणाऱ्या कंपनीचा) प्राथमिक अहवाल मागा आणि त्यातली बोजांची यादी ओळीने वाचा. वीजवाहिन्या, गॅसची पाईपलाईन, शिकारीचे जुने भाडेकरार, मिठागरांचे हक्क हे सगळे तिथे असते. यातला प्रत्येक बोजा पाणथळ पुन्हा जिवंत करण्याच्या आड येऊ शकतो. विजेच्या खांबापर्यंतचा रस्ता कायम कोरडा ठेवण्याची अट असेल, तर बांध फोडून भरती आत घेताच येणार नाही.

प्रदूषणाकडे दुर्लक्ष करू नका. उपसागराच्या काठी जुने कचराडेपो, गोळीबाराची मैदाने, जहाजदुरुस्तीच्या जागा पुष्कळ आहेत. पर्यावरण तपासणीचा पहिला टप्पा बहुतेक कागदांवरच होतो: जुने नकाशे, परवाने, एक फेरफटका. मातीचे नमुने दुसऱ्या टप्प्यात घेतात. पहिल्या टप्प्यात संशयाचे कारण निघाले आणि दुसरा टप्पा केलाच नसेल, तर सफाईचा खर्च राज्याच्या गळ्यात पडण्याचा धोका आहे. करारात सफाई कोण करणार, कधीपर्यंत आणि हमी कशाची, हे स्पष्ट शब्दांत सापडले पाहिजे.

समुद्र वर चढतो आहे, तेव्हा जमिनीची उंचीही बघा. पाणथळ टिकायला त्याच्यामागे चढती मोकळी जमीन लागते, म्हणजे पाणी वाढले की खाजण मागे सरकू शकते. मागे थेट रस्त्याची भिंत असेल तर आज दिसणारे खाजण काही दशकांत उघड्या चिखलात जाईल. सौदा कायमचा असतो, म्हणून हा प्रश्न आताच विचारायचा.

चुला व्हिस्टाचे उदाहरण मोजमापासाठी चांगले आहे. तिथे २०१० मध्ये कमिशनने मंजूर केलेल्या अदलाबदलीत सॅन डिएगो बंदर संस्थेने बंदरभागातली सुमारे ३५ एकर जागा घरांसाठी सोडली आणि स्वीटवॉटर भागातली सुमारे ९७ एकर घेतली. ९७ ला ३५ ने भागून सौदा चांगला म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा महत्त्वाचे हे की स्वीटवॉटरची जमीन राखीव खाजणाच्या शेजारी आहे. घरे खाजणापासून लांब गेली आणि खाजणाला मोकळी कड मिळाली. एकरांच्या मागे असे कारण शोधा. सापडले नाही तर तसे लिहून कळवा.

कधी बदल्यात जमीन येतच नाही, पैसे येतात. १९८२ च्या कपिलॉफ कायद्याने जमीनपेढी सुरू झाली. विकासक तिच्या निधीत रक्कम भरतो आणि कमिशन पुढे योग्य जमीन विकत घेते. छोट्या तुकड्यांच्या वादात ही सोय बरी आहे. पण पैशाने घेतलेली जमीन तुमच्या किनाऱ्यापासून लांब असू शकते. निधीतून कुठे खरेदी करायचा विचार आहे, हे मंजुरीआधी विचारा. नंतर विचारून हाती फारसे काही लागत नाही.

किंमत

मूल्यांकनाचा अहवाल वाचताना दोन्ही जमिनींना एकच माप लावले आहे का, ते बघा. जाणारी जमीन न्यासाच्या बोजासकट मोजली (म्हणजे स्वस्त) आणि येणारी बोजाविना मोजली (म्हणजे महाग), तर आकडे जुळतात पण हिशेब खोटा असतो. जाणारी जमीन न्यास उठल्यावर काय किमतीची होईल, हाच प्रश्न लोकांच्या बाजूचा आहे.

मालकी वादग्रस्त असेल तर राज्याच्या दाव्याच्या ताकदीप्रमाणे किंमत कमी धरतात. ते रास्त आहे, पण टक्केवारीचे कारण लिहिलेले हवे. समजा, १० एकर भराव न्यासमुक्त होऊन १ कोटी डॉलरचा होतो आणि राज्याचा दावा ४० टक्के धरला. म्हणजे राज्याने सोडलेले मोल ४० लाख. बदल्यात २५ एकर खाजण, एकरी ३ लाख, म्हणजे ७५ लाख. त्यातून सफाईचे ३० लाख वजा केले तर ४५ लाख उरतात आणि सौदा पास होतो. आता सफाई ५० लाखांची निघाली तर २५ च उरतात आणि चौथा निष्कर्ष कोसळतो. दावा ४० ऐवजी ६० टक्के असता तरीही कोसळतो. असा कागद स्वतः मांडा आणि कोणत्या एका आकड्यावर सगळा सौदा टेकला आहे ते शोधा. तुमचा सगळा अभ्यास त्या एका आकड्यावर खर्च करा. मूल्यांकनाची तारीखही बघा. मंजुरीच्या दोन वर्षे आधीचा भाव वाढत्या बाजारात बहुधा जाणाऱ्या जमिनीला कमी लेखतो, कारण बांधकामयोग्य जमिनीचा भाव खाजणापेक्षा वेगाने चढतो.

कागद कसे मिळवायचे, कुठे बोलायचे

कमिशनच्या बैठकीची विषयपत्रिका कायद्याप्रमाणे किमान १० दिवस आधी जाहीर होते. कर्मचारी अहवाल तिच्यासोबत येतो. दहा दिवसांत वरचे सगळे जमणार नाही, म्हणून चाहूल लागताच सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज टाका. कागद देणार की नाही, हे त्यांना १० दिवसांत कळवावे लागते. अडचण असेल तर आणखी १४ दिवस मिळतात. प्रत्यक्ष कागद त्यानंतर येतात, तेव्हा नेमके मागा: मूल्यांकन अहवाल, टायटलचा प्राथमिक अहवाल, हद्दीचे वर्णन आणि नकाशा, पर्यावरण तपासणी, कराराचा मसुदा. 'सगळी फाईल द्या' असे लिहिले की उत्तर लांबते.

असे विषय पुष्कळदा एकत्रित मंजुरीच्या यादीत असतात. त्या यादीतले सगळे विषय चर्चेविना एका मताने पास होतात. बैठकीआधी लेखी कळवून तुमचा विषय यादीतून बाहेर काढायला सांगा. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात. त्यात सहापैकी एकच निष्कर्ष घ्या, त्याचा क्रमांक सांगा आणि आपला नकाशा दाखवा. वाहतूक, इमारतींची उंची, शाळांवरचा ताण हे इथे बोलू नका. हद्द आणि मालकीच्या तडजोडीतल्या अदलाबदलीला राज्याच्या पर्यावरण आढावा कायद्यातून सूट आहे. प्रकल्पाला मात्र ती सूट मिळत नाही. ते मुद्दे शहराच्या सुनावणीत मांडायचे. उपसागराच्या काठापासून १०० फुटांच्या पट्ट्यात बांधकामाला उपसागर संवर्धन आयोगाचा वेगळा परवाना लागतो, तिथेही दार आहे.

करारातली बारीक अक्षरे

हद्दीचे वर्णन दिशा आणि अंतरांनी लिहिलेले असते. ते कागदावर काढून बघा: शेवटची रेषा सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळायला हवी आणि क्षेत्रफळ अहवालातल्या एकरांशी जुळायला हवे. एक एकर ४३,५६० चौरस फूट, आपले ४० गुंठे. जमीन पाण्याच्या रेषेपर्यंत आहे की ठरलेल्या बिंदूंपर्यंत, हा शब्द फार महत्त्वाचा. 'पाण्यापर्यंत' असेल तर किनारा हळूहळू सरकला की हद्दही सरकते. बिंदूंनी बांधलेली असेल तर ती स्थिर राहते. तडजोडीच्या करारात हद्द स्थिर करणे चांगले, नाहीतर तोच वाद पुन्हा उभा राहतो.

खनिजहक्क राज्य सहसा स्वतःकडे ठेवते आणि पृष्ठभागापासून ठरावीक खोलीपर्यंत, बहुधा ५०० फूट, शिरण्याचा हक्क सोडते. ते सोडायचे असतील तर बदल्यात तेवढ्याच किंवा जास्त मोलाचे खनिजहक्क मिळायला हवेत, असे कायदा सांगतो.

क्रमाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. दोन्ही बाजूंचे दस्त एस्क्रोत (त्रयस्थाच्या ताब्यात) एकाच वेळी ठेवून एकाच वेळी नोंदले, तर धोका कमी. टप्प्याटप्प्याच्या सौद्यात 'आधी राज्य देणार, विकासक तीन वर्षांनी देणार' असे असेल आणि मधे विकासक बुडाला, तर राज्याला दिवाणी दाव्याशिवाय हाती काही नाही. न्यास उठण्याचा क्षण येणारी जमीन प्रत्यक्ष न्यासात येण्याशी बांधलेला असावा. सफाईची अट असेल तर ती पूर्ण होण्याशीही.

मंजुरीनंतर जाणाऱ्या जमिनीसाठी राज्याचे पेटंट, म्हणजे मालकी देणारे पत्र, निघते. त्यावर गव्हर्नरची सही असते. येणाऱ्या जमिनीच्या दस्तासोबत कमिशनचा स्वीकृतिदाखला लागतो, त्याशिवाय काउंटीच्या नोंदणी कार्यालयात तो नोंदत नाहीत. बैठक झाल्यावर काही महिन्यांनी नोंदणी कार्यालयात जा, दस्तक्रमांक मागा, आणि येणाऱ्या जमिनीच्या दस्तात 'सार्वजनिक न्यासाच्या अधीन' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. नसतील तर कमिशनला त्याच आठवड्यात लेखी कळवा. दुरुस्ती दस्त लवकर होतो, जमिनीवर कुणाचा नवा हक्क बसल्यावर नाही.